रोमान्स वाचून चिडचिड, डिस्टोपिया वाचून डोळ्यांत पाणी: अजून कुणाचं होतंय का असं?

अधमुरं_दही

आमच्या घरात पुस्तकं दोन वाटांनी येतात. लेक अकरावीत आहे, ती रील्स बघून रोमान्स मागवते. नवऱ्याला पाळत, हुकूमशाही, जगबुडी असलं काही दिसलं की राहवत नाही. तो पुस्तक आणतो, पन्नासेक पानं वाचतो आणि खूण घालून विसरतो. दोघांचंही उरलंसुरलं संपवायचं काम माझ्याकडे. असं करत करत माझं एक मत बनलंय, ते मांडते. दगड मारायचे तर नेम धरून मारा.

मत असं: अलीकडच्या इंग्रजी रोमान्समध्ये मला प्रेम सापडत नाही. डिस्टोपियन, म्हणजे भविष्यातल्या भयाण जगाच्या, कादंबऱ्यांत सापडतं.

कॉलीन हूवरचं 'इट एन्ड्स विथ अस' घ्या. पुस्तक २०१६ चं, पण टिकटॉकमुळे २०२१ नंतर पेटलं. (टिकटॉक आपल्याकडे २०२० पासून बंद, त्याची पुस्तकं मात्र सिग्नलवर मिळतात.) शेवट धाडसी आहे, मान्य. नवरा राइल हात उचलतो, मुलगी होते आणि नायिका लिली त्याला सोडते. पण तिथवर पोचेपर्यंत काय? हा न्यूरोसर्जन तिचं घर शोधायला २९ दारं ठोठावतो, ती नको म्हणतेय तरी विनवण्या करत राहतो, आणि लेखिका हे सगळं आपल्याला गोड म्हणून वाढते. आमच्या सोसायटीत तिसऱ्या दारावरच वॉचमनने गचांडी धरली असती.

एमिली हेन्री लिहिते छान, संवाद खुसखुशीत असतात. पण 'हॅपी प्लेस' (२०२३) मध्ये झालंय काय? हॅरिएट आणि विन यांचं फोनवर मोडलंय. मित्रांना सांगायची हिंमत नाही म्हणून मेनमधल्या बंगल्यात आठवडाभर जोडपं असल्याचं नाटक करतात. पाचशे माणसांचं लग्न मोडलंय असंही नाही! जे फोनवर मोडलं ते फोनवर जुळलं असतं.

आता दुसरी वाट. पॉल लिंचच्या 'प्रॉफेट साँग'ला २०२३ चं बुकर मिळालं. डब्लिन शहर, सरकार हळूहळू हुकूमशाहीकडे चाललंय. शिक्षक संघटनेत काम करणाऱ्या लॅरीला गुप्त पोलीस घेऊन जातात आणि तो परत येत नाही. मागे त्याची बायको आयलिश, चार मुलं, विस्मरणाकडे झुकलेला तिचा म्हातारा बाप. कॅनडातली बहीण जीव तोडून सांगते की निघ. ही निघत नाही, कारण लॅरी आला आणि घर बंद दिसलं तर? अख्ख्या पुस्तकात धड एक प्रेमप्रसंग नाही, परिच्छेदसुद्धा पाडलेले नाहीत, अवतरणचिन्हं नाहीत. तरी इतकं लग्न मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

किंवा 'चेन-गँग ऑल-स्टार्स' (२०२३, नाना क्वामे अजेई-ब्रेन्या). अमेरिकेतल्या तुरुंगातले कैदी टीव्हीसाठी एकमेकांना ठार मारतात, जिंकत राहिलं तर सुटका. थरवार आणि स्टॅक्स या दोघी त्या खेळातल्या तारका आणि एकमेकींच्या प्रेयसी. खाली तळटिपांमध्ये खऱ्या अमेरिकी तुरुंगांची माहिती येत राहते, त्यामुळे पळवाट मिळत नाही.

माझं निदान एवढंच की प्रेमकथेला अडथळा लागतो. रोमान्सवाल्यांकडचा संपलाय म्हणून ते गैरसमज दळत बसतात. डिस्टोपियात अडथळा दारात बंदूक घेऊन उभा असतो. मला असा अलीकडचा रोमान्स सुचवा ज्यात अडथळा खरा आहे.

काकडीची_कोशिंबीर

रुमाल टाकून ठेवतेय. ऑफिस सुटलं की सविस्तर.

ढेपाळलेला_ड्रॅगन

दहीताई, नेम धरून मारतो. तुमच्या यादीत 'फोर्थ विंग' कुठाय? २०२३ च्या सगळ्यात गाजलेल्या पुस्तकांपैकी एक, रोमान्स पण आणि हुकूमशाही पण. बास्गायथचं सैनिकी विद्यालय, सरकार इतिहासाची पानंच बदलून ठेवतं, बंडखोरांच्या मुलांच्या अंगावर खुणा, त्यांना सक्तीने भरती. नायिका व्हायोलेटच्या आईमुळे नायक झेडनचा बाप मेलाय. याहून खरा अडथळा काय हवा?

तळ्यातमळ्यात

अडथळा खरा आहे हो, पण त्यावर ड्रॅगन बसलाय.

पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत पानांच्या कडा रंगवलेल्या होत्या. माझ्या मते सर्वोत्तम भाग तोच. बाकी झेडनची सावली, झेडनचा जबडा, परत झेडनची सावली.

ढेपाळलेला_ड्रॅगन

@तळ्यातमळ्यात, हसा. मी ते का वाचलं ते सांगतो. माझ्या बहिणीचे सांधे निखळतात. जिना उतरताना, बाटलीचं झाकण उघडताना. लहानपणापासून "नाटकं करते" हे ऐकत मोठी झाली. व्हायोलेटचं शरीर तसंच आहे आणि लेखिका रेबेका यारोसला स्वतःला एलर्स-डॅनलॉस हा सांधे सैल करणारा आजार आहे, म्हणून ते बारकाव्यांनी उतरलंय. पट्टी कशी बांधायची, वजन कुठल्या पायावर टाकायचं, खोगीर वेगळं का लागतं. बहिणीने तिन्ही भाग झपाटल्यासारखे वाचले. जबड्याची वर्णनं जास्त झालीत हे तीही म्हणते. पण तिला नायिका मिळाली, आणि ती समीक्षकांनी गौरवलेल्या एकाही पुस्तकात मिळाली नव्हती.

तळ्यातमळ्यात

हे माहीत नव्हतं. जबड्याबद्दलचं मत मात्र कायम.

प्रयोगशाळेतला_उंदीर

मी अमेरिकेत पीएचडीच्या पाचव्या वर्षात आहे, त्यामुळे 'द लव्ह हायपोथेसिस'वर (२०२१) बोलायचा मला नैसर्गिक अधिकार आहे.

स्टॅनफर्डमधली जीवशास्त्राची विद्यार्थिनी, विभागातला खडूस प्राध्यापक, दोघं खोटं खोटं प्रेम करतात, मग ते खरं निघतं. मुळात हे 'स्टार वॉर्स'च्या पात्रांवर लिहिलेलं फॅनफिक्शन, म्हणजे चाहत्यांनी हौसेने लिहिलेली गोष्ट, होतं, नंतर नावं बदलून पुस्तक झालं. अ‍ॅली हेझलवूड स्वतः न्यूरोसायन्सवाली असल्यामुळे प्रयोगशाळेची दमछाक तिला ठाऊक आहे. पण एक सांगतो: या पुस्तकातला खरा अडथळा त्यांचं नातं नव्हेच, निधी आहे. ऑलिव्हला तिच्या कॅन्सर संशोधनासाठी दुसरी प्रयोगशाळा हवी असते आणि जो माणूस जागा देऊ करतो तोच तिला कोपऱ्यात गाठतो. ती पानं वाचताना माझ्या पोटात गोळा आला. बाकी ज्या विभागात मायक्रोवेव्ह कुणी साफ करायचा यावर ईमेल युद्धं होतात, तिथे इतका उंच आणि इतका मोकळा प्राध्यापक असतो हे विज्ञानकथेत मोडतं.

जुनाजाणता

सगळी चर्चा परदेशात चाललीय म्हणून या म्हाताऱ्याची थोडी भर. रोमान्स आज बदनाम झाला असं समजू नका. आमच्या तरुणपणी वाचनालयात चंद्रकांत काकोडकरांची पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालून नेत असत. अडथळा म्हणता? त्यांच्या 'श्यामा'वर अश्लीलतेचा खटला झाला. १९६२ साली 'रंभा'च्या दिवाळी अंकात ती आली होती. खालच्या कोर्टात सुटले, हायकोर्टात दोषी ठरले, शेवटी १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने निर्दोष सोडलं. सात वर्षं!

आणि होती काय ती? एका कवीमनाच्या मास्तराची आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या बायांची गोष्ट. आजच्या मुलांनी वाचली तर विचारतील, खटला कशासाठी?

काकडीची_कोशिंबीर

काका, कव्हर घालायची पद्धत अजून आहे. त्याला किंडल म्हणतात.

सातवी_ब

कुणीच '१९८४'चं नाव घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. ती प्रेमकथाच आहे. आणि त्यातली ज्यूलिया काम कुठे करते आठवतंय? फिक्शन डिपार्टमेंटमध्ये, कादंबऱ्या लिहिणाऱ्या यंत्रांवर. ती नायक विन्स्टनला सांगते की तिथली चावट पुस्तकं लिहिणाऱ्या विभागाकडे कथानकं सहाच आहेत, तीच जरा इकडची तिकडे करून वापरतात. ऑर्वेलने हे १९४९ मध्ये लिहून ठेवलंय!

आज रोमान्सच्या जाहिरातीत काय असतं? 'एनिमीज टू लव्हर्स', 'फेक डेटिंग', 'हॉटेलात एकच पलंग'. मोजून घ्या, सहाच्या आसपासच भरतील.

सँड्रा न्यूमनचं 'ज्यूलिया' (२०२३) हे त्याच गोष्टीचं तिच्या बाजूने सांगणं आहे, ऑर्वेलच्या वारसांच्या संमतीने लिहिलेलं. मला मूळ पुस्तकाइतकं भिडलं नाही, पण एक हिशेब चुकता झाला. ऑर्वेलने तिला कंबरेखाली बंडखोर म्हणून सोडून दिलं होतं. इथे ती हुशार आहे, घाबरते, व्यवहार करते, जगते.

संपादक

सदस्यांना विनंती: शेवट सांगणार असाल तर आधी 'रहस्यभेद' असं लिहा. आत्तापर्यंत दोन तक्रारी आल्या आहेत. त्यातली एक '१९८४'बद्दल आहे.

तळ्यातमळ्यात

'१९८४'चा रहस्यभेद! महाभारतात कोण जिंकतं तेही झाका.

अधमुरं_दही

आई किचनमध्ये आहे. तिच्या आयडीवरून मी लिहितेय. (लेक)

आई, तू राइलला हिरो समजून वाचलंस ही तुझी गडबड. आम्ही सगळ्या मैत्रिणींनी पहिल्यापासून त्याला रेड फ्लॅग म्हणूनच वाचलं. लिलीला तो गोड वाटतो म्हणून आपल्यालाही आधी वाटायला हवा, नाहीतर "मग सोडलं का नाही लगेच" एवढंच आपण म्हणत बसू. लिलीच्या मार खाणाऱ्या आईबद्दल लोक तेच म्हणत आलेत ना? हां, त्या पुस्तकाचं रंगवायचं पुस्तक काढायचं ठरलं होतं ते भयानक होतं. मारहाणीच्या गोष्टीचं कलरिंग बुक! लोक चिडल्यावर २०२३ मध्ये मागे घेतलं.

आणि अडथळ्याचं म्हणशील तर 'हंगर गेम्स'मध्ये काय आहे? फेक डेटिंग! टीव्हीवरच्या जीवघेण्या खेळात ढकललेले कॅटनिस आणि पीटा कॅमेऱ्यासमोर प्रेमाचं नाटक करतात, कारण प्रेक्षक खूश झाले तर औषधं मिळणार, खायला मिळणार. सेम ट्रोप, तोच ठरलेला साचा. फक्त नाटक फसलं तर मरण. त्याच मालिकेतलं २०२५ चं 'सनराइज ऑन द रीपिंग' तू अजून वाचलं नाहीस, बाबांच्या उशाशी आहे. हेमिचचा वाढदिवस आणि चिठ्ठ्या निघायचा दिवस एकच, पन्नासावा खेळ म्हणून मुलं दुप्पट, ४८. त्याची लेनोर डव्ह आहे ना... सांगत नाही, संपादक ओरडतील.

सातवी_ब

या आयडीवरून यापुढे हीच लिहू दे.

अधमुरं_दही

मीच, आई. लॉग आउट करायला शिकतेय.

मुलीचा मुद्दा पोचला: लेखिकेने वाचणाऱ्याला आधी मोहात पाडलं नाही तर पुढचा धक्का बसणार नाही. पण ती आणि तिच्या मैत्रिणी आधीच रील्सवर ऐकून आल्या होत्या की हा माणूस कसा आहे. आंधळेपणाने वाचणाऱ्याचं काय? ते २९ दारांचं पान पुस्तकात कुठेही परत उघडलं जात नाही. मार सुरू झाल्यावर मार वाईट, हे ठीक. आधीची जबरदस्ती मात्र आवेग म्हणून सुटून जाते, हा माझा आक्षेप आहे.

फेक डेटिंगचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, थँक्यू बाळा.

लिफीकाठी

मी डब्लिनमध्ये राहतो, नऊएक वर्षं झाली. 'प्रॉफेट साँग'बद्दल इथून थोडं.

२०२३ मध्ये २३ नोव्हेंबरला इथे दंगल झाली. शाळेबाहेर लहान मुलांवर चाकूहल्ला झाला, हल्लेखोर परदेशातून आलेला अशी बातमी फिरली आणि संध्याकाळी पार्नेल स्ट्रीटपासून जाळपोळ सुरू झाली. बस जळाल्या, ट्राम जळाली, दुकानं फुटली. "घरीच थांबा" असे आमच्या ग्रुपवर मेसेज. मी ऑफिसातून चालत, मुख्य रस्ता टाळत घरी आलो, कानटोपी भुवयांपर्यंत ओढून. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, २६ तारखेला, याच शहरात लोकशाही कोसळते अशी कल्पना करणाऱ्या कादंबरीला बुकर मिळालं.

त्यामुळे मी ती वेगळ्याच नजरेनं वाचली. लिंचने सांगितलंय की त्याच्या मनात सीरिया होता, तिथल्या लोकांकडे पश्चिमेने फिरवलेली पाठ होती. म्हणजे दमास्कसला किंवा होम्सला जे झालं ते त्याने डब्लिनच्या ओळखीच्या गल्ल्यांत आणून ठेवलं, तेव्हा कुठे इथल्या वाचकाला ते खरं वाटलं. मला हे पुस्तकाचं बळ वाटतं आणि थोडा रागही येतो. दु:ख शेजारच्या आयलिशचं झालं की पारितोषिक, अलेप्पोच्या कुणा बाईचं असलं की बातमीची पट्टी.

दहीताई म्हणतात तसं लग्न त्यात आहेच. पण मला त्यातला बाप जास्त लक्षात राहिला. सगळं विसरत चाललेला म्हातारा देशात काय चाललंय ते मात्र मुलीच्या आधी ओळखतो.

आणि तुम्हाला हवा तो रोमान्स माझ्याकडे आहे: सॅली रूनीचं 'इंटरमेझो' (२०२४). दोन भाऊ, बाप नुकताच गेलाय. धाकटा आयव्हन २२ वर्षांचा, बुद्धिबळ खेळणारा. मार्गारेट ३६ वर्षांची, नवऱ्यापासून वेगळी राहणारी. छोटं गाव, सगळे सगळ्यांना ओळखतात, नवरा दारुडा असला तरी गावाचा लाडका. लोक काय म्हणतील, आई काय म्हणेल, एवढाच अडथळा आणि तो पुरेसा आहे. या देशात घटस्फोटाला परवानगीच १९९५ च्या सार्वमताने मिळाली, तीही ५०.२८ टक्क्यांनी. माझ्या शेजारच्या आजी अजून त्या मतदानावरून बहिणीशी बोलत नाहीत. हे माहीत असलं की मार्गारेट खिडकीचा पडदा का ओढते ते कळतं.

काकडीची_कोशिंबीर

आले. सुटले एकदाची ऑफिसातून.

मला धाग्यातलं मूळ गृहीतकच पटत नाही. डिस्टोपियातलं प्रेम खोल वाटतं कारण त्याला रोजचं जगणं भोगावं लागत नाही. दारात रणगाडा आला की गॅस संपलाय, सासूबाईंना नेब्युलायझर लावायचाय, तू परत टॉवेल पलंगावर टाकलास, हे सगळं आपोआप क्षुल्लक होतं. दोन माणसं हात धरून पळतात. पळताना कुणाचंही प्रेम उत्कट दिसेल! पंधरा वर्षं एका वन बीएचकेत राहून दाखवा म्हणावं.

अपवाद म्हणून एक पुस्तक सांगते, लैला लालामीचं 'द ड्रीम होटेल' (२०२५). सारा लंडनहून लॉस एंजेलिसच्या विमानतळावर उतरते आणि तिथेच अडकवली जाते. झोप नीट लागावी म्हणून डोक्यात बसवलेलं यंत्र तिची स्वप्नं कंपनीला पुरवत असतं आणि त्यावरून सरकारी गणित म्हणतं की ही बाई नवऱ्याला इजा करू शकते. २१ दिवसांची स्थानबद्धता, ती क्षुल्लक कारणांवरून वाढत जाते. घरी जुळी मुलं, नवरा एकटा. आता इथे बघा: तो काही महाकाव्यातला नवरा नाही. दमतो, भेटीला यायला उशीर करतो, त्याच्याही मनात एक बारीकशी शंका असावी असं तिला वाटत राहतं. आणि झोप का लागत नव्हती? जुळी बाळं. यंत्र घेतलं ते बाळंतिणीच्या जागरणापायी. मला हा डिस्टोपिया पटतो, कारण त्यात टॉवेल पलंगावरच आहे.

अधमुरं_दही

काकडे, हे फार बरोबर टिपलंस. पण मग 'प्रॉफेट साँग'मध्येही तेच आहे. आयलिश शेवटपर्यंत दूध कुठे मिळेल, मुलाचा दात, धुणं, यातच आहे. पळून जायचा निर्णय लांबतो तोच त्या रोजच्या कामांमुळे.

काकडीची_कोशिंबीर

मान्य. म्हणजे आपल्याला दोघींना घरकाम असलेला डिस्टोपिया आवडतो.

तळ्यातमळ्यात

घरकाम असलेला डिस्टोपिया म्हणजे आमचा रविवार.

पिंपळपार

नेहमी वाचून जातो, आज लिहितोय.

"रोमान्सवाल्यांकडचा अडथळा संपलाय" हे वाक्य खटकलं. अमेरिकेतल्या गोऱ्या, नोकरदार, स्वतंत्र घरात राहणाऱ्या नायिकांचा संपला असेल. माझं लग्न आंतरधर्मीय, विशेष विवाह कायद्याखाली. १९५४ चा हा कायदा माहीत नसेल त्यांच्यासाठी: लग्नाआधी नोटीस द्यायची आणि ती कार्यालयाच्या फलकावर ३० दिवस लावतात, कुणाला हरकत असेल तर घ्यावी म्हणून. नाव, पत्ता, वय, सगळं. आमची नोटीस लागली तशी कुणीतरी फोटो काढून दोन्हीकडच्या नातेवाइकांना पाठवला. कोण ते आजतागायत कळलं नाही. तो महिना आम्ही वेगवेगळ्या मित्रांकडे काढला. हिने गावी फोन करायचा तर माझ्या मित्राच्या बायकोच्या नंबरवरून.

म्हणून मला प्रयाग अकबरचं 'लैला' (२०१७) कल्पनारम्य वाटलं नाही. भिंती घातलेल्या वसाहती, प्रत्येक जातीधर्माची आपली वेस, शुद्धतेचा जप. शालिनीचा गुन्हा काय? रिझशी लग्न, आणि त्या लग्नातून झालेली मुलगी. पुढची सगळी कादंबरी ती मुलगी शोधत फिरते. २०१९ ला नेटफ्लिक्सवर मालिका आली, हुमा कुरेशीची. पुस्तक जास्त कोरडं आहे, म्हणून जास्त लागतं. शालिनी स्वतः काही संत नाही, मोलकरणीशी ती कशी वागायची ते लेखकाने लपवलेलं नाही, आणि त्याची किंमत पुढे येते.

रागावून लिहीत नाही. पण अडथळे हवे असतील तर डिस्टोपियापर्यंत जावं लागत नाही, 'सैराट' २०१६ चा आहे.

अधमुरं_दही

@पिंपळपार, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी इंग्रजी रोमान्सबद्दल बोलत होते, तरी तुमचं वाक्य त्यालाही लागू पडतं: कुणाच्या प्रेमाची पुस्तकं रील्सवर पोचतात आणि कुणाच्या नाही. 'लैला' आज रात्रीच घेते.

प्रयोगशाळेतला_उंदीर

पिंपळपार, ते ३० दिवस वाचून अंगावर काटा आला.

बेळगावी_कुंदा

मराठीचं कुणी काढणार का, म्हणून वाट बघत होतो. बोकिलांची 'शाळा' विसरलात काय राव सगळे? नववीतला मुकुंद जोशी, शिरोडकर, आणि मागे आणीबाणी. पोरांना ती कळत नाही, मोठी माणसं आवाज खाली करून बोलतात एवढंच दिसतं. पोराचं आख्खं जग शिरोडकरच्या वेणीएवढं आणि देशात माणसं तुरुंगात. प्रेम आणि हुकूमशाही एका पुस्तकात हवं होतं ना, तर हे घ्या, आणि एकही ड्रॅगन नाही.

सचिन कुंडलकरांचं 'कोबाल्ट ब्लू' पण बघा. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, वरच्या खोलीत पेइंग गेस्ट, आणि तनय आणि अनुजा, भाऊ-बहीण, दोघंही त्याच्याच प्रेमात. अडथळा म्हणजे घरच. आईबाप वाईट नाहीत, हीच अडचण.

आणि निव्वळ डिस्टोपिया हवा तर नंदा खऱ्यांची 'उद्या'. कंपन्या, पाळत, माहितीचा बाजार, आणि सगळं इतकं जवळचं की पुढच्या वर्षीचं वाटतं. २०२० चं साहित्य अकादमी तिला जाहीर झालं ते खऱ्यांनी नाकारलं, समाजाने भरपूर दिलंय म्हणाले. आता ते नाहीत. भाषा सोपी नाही, सांगून ठेवतो. पहिली काही पानं दात लागतात.

जुनाजाणता

'उद्या' मी दोनदा सुरू केली. तिसऱ्यांदा घेतो, कुंदासाहेबांच्या भरवशावर.

ढेपाळलेला_ड्रॅगन

"एकही ड्रॅगन नाही" हा माझ्यावर वैयक्तिक हल्ला आहे.

काकडीची_कोशिंबीर

अवांतर नाही, उलट मुद्द्यावरच. कॅलियान ब्रॅडलीचं 'द मिनिस्ट्री ऑफ टाइम' (२०२४) कुणी वाचलं का? १८४५ च्या फ्रँकलिन मोहिमेत बर्फात हरवलेला ग्रॅहम गोर, हा खराखुरा नौदल अधिकारी, आजच्या लंडनमध्ये उचलून आणलाय. त्याच्यासोबत राहायला नेमलेली सरकारी कर्मचारी, आई कंबोडियातून निर्वासित म्हणून आलेली. त्याला वॉशिंग मशीन समजावण्यापासून प्रेमापर्यंत. पहिला अर्धा भाग मी हसत वाचला. पुढे कळत जातं की ती त्याच्या प्रेमात आहे आणि रोज त्याच्यावर अहवालही लिहितेय. पगार त्याचाच मिळतो. अडथळा बाहेर नाहीच, तीच अडथळा. शेवटाकडे हेरगिरीची पळापळ जरा जास्त झाली, पण दहीताई, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर हे.

सातवी_ब

+१. आणि ती अहवाल लिहिताना स्वतःला किती सहज समजावते!

अधमुरं_दही

हे फर्मास दिसतंय. तर आता यादी: 'इंटरमेझो', 'लैला', 'मिनिस्ट्री', 'उद्या', आणि बाबांच्या उशाशी असलेलं ते. 'शाळा' घरात आहे, लेकीच्या टेबलावर ठेवली. "यात स्पाइस आहे का", म्हणजे चावट प्रसंग, असं विचारून गेली.

कोथरूड-कर्वेनगर भागात 'इंटरमेझो'ची प्रत कुणाकडे आहे का? मी येऊन नेईन.

सातवी_ब

माझ्याकडे आहे. पण आधी गेल्या दिवाळीत नेलेलं 'ज्यूलिया' परत कर.